मी रावेन्नाला जाणार

१२ फेब्रुवारी, मंगळवार

मी रावेन्नाला जाणार. हे आधी लिहून ठेवते, म्हणजे उद्या भांडी घासताना मन फिरलं तर ही वही पुराव्याला असेल.

काल वाचनालयात त्या निवृत्त शिक्षिकाबाईंचं जुन्या चित्रांवरचं तिसरं व्याख्यान होतं. पहिल्या दोन व्याख्यानांना मी हीटर चालू असतो म्हणून गेले होते. काल त्यांनी पडद्यावर एक छत दाखवलं. रावेन्ना शहरातल्या एका लहानशा समाधीच्या आतलं. गडद निळं, आणि त्यावर शेकडो सोनेरी तारे. सगळं नखाएवढ्या काचेच्या खड्यांनी केलेलं, पंधराशे वर्षांपूर्वी. मागे बसलेल्या बायकासुद्धा कुजबुजायच्या थांबल्या. माझं वय सत्तर. अडतीस वर्षं मी कारखान्यात बुटांचं चामडं शिवलं. त्या अडतीस वर्षांत डोकं वर करून छत बघितलं ते फक्त गळत होतं तेव्हा.

आज जेवताना दुइलियोला सांगितलं. मे महिन्यात, तीन दिवस. ट्रेन पोर्तो सान जोर्जोहून, रिमिनीला बदलायची.

"भिंतीला चिकटवलेले दगड बघायला?" तो म्हणाला. "मी पंचेचाळीस वर्षं दगडच चिकटवले. पाहिजे तर संडासात चल, माझ्या फरश्या दाखवतो."

मी व्याख्यानात मिळालेल्या पुस्तिकेतलं चित्र त्याच्यासमोर धरलं. त्याने बघितलंसुद्धा नाही. माझ्या कानाशेजारच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "छान आहे." सेहेचाळीस वर्षांच्या संसारानंतर बायको बोलत असताना भिंतीकडे बघायचं. ठीक आहे. मी एकटी जाईन.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

कातियाचा आंकोनाहून फोन. बापाने कळवलंच असणार.

"आई, तू एकटी? या वयात?"

"मग कोणत्या वयात जायचं? मेल्यावर?"

"आणि तेव्हा पोरांना कोण बघणार?"

"त्यांना एक आई आहे असं ऐकलंय."

ती फणकाऱ्याने काहीतरी म्हणाली आणि फोन ठेवला. मला जरा वाईट वाटलं. जेवण होईपर्यंत. मग नाही वाटलं.

२४ फेब्रुवारी, रविवार

दुइलियोचा असहकार सुरू आहे. आज त्याने वाइन पेल्याच्या शेजारी ओतली, थेट टेबलक्लॉथवर, माझ्या आईच्या. वर म्हणतो, पेला तू सरकवलास. बारमध्ये पत्ते खेळायला जाणं बंद केलंय. का, तर सेत्तिमियो लबाडी करतो. सेत्तिमियो! जो माणूस चर्चमध्ये मेणबत्ती विझली तर स्वतःच्या पैशाने दुसरी लावतो. वर्तमानपत्रही नको, सगळं खोटं असतं म्हणे. दिवसभर खिडकीशी बसतो, तोंड उजेडाकडे करून, पुतळ्यासारखा. मला कळत नाही असं त्याला वाटतं. बायको घाबरून घरी राहावी म्हणून चाललेलं नाटक आहे हे.

बसू दे पुतळा होऊन. पुतळ्याला मक्याचा पोलेंटा गरमच लागतो असं नाही. आज मी गार वाढला.

४ मार्च, सोमवार

हॉटेल ठरवलं! मी स्वतः फोन केला. बाई गोड बोलली. "सिन्योरा, आमच्याकडून समाधी चालत पाच मिनिटं." मंगळवार १४ मे ते गुरुवार १६ मे. समाधीत जायची वेळही आधी ठरवावी लागते, आणि एकदा आत गेलं की पाचच मिनिटं. पाच तर पाच.

फोन ठेवते तोच दुइलियो विचारतो, "पायऱ्या किती आहेत?"

"कुठे?"

"त्या हॉटेलात. आणि त्या तुझ्या थडग्यात. आत अंधार असतो का?"

तू येणार नाहीस ना, मग तुला काय करायचंय? खोड काढायची म्हणून काढायची. मी सांगितलं, शंभर पायऱ्या आहेत आणि आत वटवाघळं आहेत. तो परत खिडकीकडे वळला. मला वाटलं होतं हसेल.

११ मार्च, सोमवार

याने आज गाडी फाटकाच्या खांबावर घातली. १९८१ पासून तो खांब तिथेच आहे. दुइलियोनेच बांधलाय, ओळंबा लावून. उतरला, खांबावरून हात फिरवला आणि किल्ली मला आणून दिली. "आता तूच चालव. पेट्रोल परवडत नाही." मी चालवली तर काय पाण्यावर चालते?

२० मार्च, बुधवार

आता लिहू की नको असं झालंय, पण वही माझी आहे.

गेले काही महिने दुइलियो महिन्यातून एकदा फेर्मोला जातो. गवंड्यांच्या पेन्शनीची सभा असते म्हणतो. सेत्तिमियो नेतो, सेत्तिमियो आणतो. मागच्या खेपेला परत आला तो काळा चष्मा लावून, फेब्रुवारीत, ढगाळ दिवशी. एक डोळा सशासारखा लाल. विचारलं तर म्हणे वारा. आणि आता दाढी दोनदा करतो, तरी गालावर एखादा पट्टा राहतोच. घाईने केल्यासारखा.

आज दुकानात आमच्या खालची पावलिना म्हणाली, सेत्तिमियोची विधवा बहीण अदाल्जिझा फेर्मोला राहायला गेलीय, माहीत आहे ना? तिच्या हातचा केक म्हणजे...

घरी येईपर्यंत माझी बेरीज झाली होती. चौऱ्याहत्तराव्या वर्षी! गुडघे वाजतात याचे, दोन खोल्यांपलीकडून ऐकू येतात.

ठीक आहे. माझ्या डोळ्यांत पाणी येणार नाही. त्याची सभा पुन्हा २८ तारखेला आहे. त्या दिवशी मलाही फेर्मोला काम आहे, नवी बॅग घ्यायचीय. रावेन्नासाठी. त्याला त्या बाईचा केक लखलाभ, मला माझे तारे.

२८ मार्च, गुरुवार

मी लाल कोट घातला होता. दुरूनही दिसावी म्हणून.

चौकातल्या कमानीखाली उभी राहिले. सव्वाअकराला ते दोघं आले. दुइलियो पुढे, काळा चष्मा, आणि सेत्तिमियो अर्धं पाऊल मागे, त्याच्या कोपराला हात लावून. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले, कमरेवर हात ठेवून. सगळं तोंडपाठ केलेलं होतं. पहिलं वाक्य होतं, "कुठाय ती?"

तो माझ्यासमोर आला. दोन हातांवर. इतका जवळ की दाढीचा राहिलेला पट्टा दिसला. थांबला. टोपीला हात लावला आणि म्हणाला,

"माफ करा, सिन्योरा."

आणि बाजूने निघून गेला.

सेत्तिमियो मला बघून पांढराफटक पडला. त्याने ओठांवर बोट ठेवलं. बॅग घेतली नाही. बसने घरी आले.

२९ मार्च, शुक्रवार

जेवायला बसलो. मी त्याचं मांस कापून ताटात ठेवलं आणि समोर बसले.

"काल कमानीखाली एक बाई भेटली तुला," मी म्हणाले. "लाल कोटातली. तू तिची माफी मागितलीस."

त्याचा काटा खाली आला. बराच वेळ त्याने टेबलावरून बोट फिरवलं, जणू फरशीचा सांधा तपासतोय.

"लाल होतं खरं काहीतरी," तो म्हणाला.

मग सगळं बाहेर आलं. मागच्या नाही, त्याच्या आधीच्या द्राक्षतोडणीपासून. उजवा डोळा गेल्यातच जमा आहे. डाव्याचंही तेच सुरू झालंय.

"मधोमध भोक पडलंय, झेलिंदा. मी जिकडे बघतो तिथेच काही नसतं. कडेचं दिसतं. तुझ्याकडे बघितलं की तू जातेस. बाजूला बघितलं की येतेस."

महिन्यातून एकदा फेर्मोच्या इस्पितळात डोळ्यात सुई मारतात. डोळ्यात! नजर जायची ती हळू जावी म्हणून.

"सेत्तिमियोला माहीत. आणि मला नाही?"

"त्याच्यासमोर ठेच लागली तर लाज वाटत नाही. तुझ्यासमोर वाटते."

मी खूप ओरडले. काय काय ओरडले आठवत नाही. डोळ्यांवर नाही ओरडले, त्या दीड वर्षावर ओरडले. खाली पावलिनाने खिडकी लावून घेतली. मग मी उठून पुन्हा मांस गरम केलं, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.

आता मागची पानं वाचली. पुतळा, गार पोलेंटा, वटवाघळं. फाडावीशी वाटली. फाडणार नाही. बेअक्कल होते ते होते, राहू दे लिहिलेलं.

३१ मार्च, रविवार

कातिया स्वतः आली, नवऱ्याला आणि पोरांना घरी ठेवून. तिला काल फोनवर सांगितलं तेव्हाच ती रडून घेऊन मोकळी झाली होती. आज यादी घेऊनच आली. गॅसच्या जागी विजेची शेगडी, न्हाणीघरात धरायला दांडा, जिन्याला पांढरी पट्टी. चांगली यादी आहे. मी सगळ्याला हो म्हटलं. मग शेवटी म्हणाली, "आणि ते रावेन्ना रद्द कर. बाबांना एकटं सोडता येणार नाही."

"एकटं कोण सोडतंय? तो येतोय."

कातियाने यादी टेबलावर ठेवली.

"कोण येतोय?" दुइलियो म्हणाला.

"तू. आणि मेमध्ये नाही. नऊ दिवसांनी. ९ तारखेला. मी काल हॉटेलच्या बाईशी बोलले, समाधीची वेळही बदलून घेतली."

"आई, तुला कळतंय का तू काय बोलतेस? अनोळखी गाव, स्टेशन, गर्दी, आत अंधार. ते पडले तर?"

"पडला तर उचलीन. तुला मी किती वेळा उचललंय."

"त्यांना काही दिसणार नाही तिथे!"

हे ती ओरडून म्हणाली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. दुइलियो उठला. टेबलाच्या कडेकडेने हात घासत दारापर्यंत गेला.

"पोरगी बरोबर बोलतेय," तो म्हणाला. "आंधळ्याला चित्रं दाखवायला न्यायचं. लोक हसतील."

"हसू देत. दात दिसतील त्यांचे."

"मी येणार नाही, झेलिंदा."

कातिया जाताना माझ्या गळ्यात पडली आणि कानात म्हणाली, "तू फार हट्टी आहेस." मी म्हटलं, हो. दुसरं काही म्हणायचं असेल तर बोल.

खरं लिहायचं तर मला भीती वाटतेय. डॉक्टरांना काल विचारलं, किती दिवस आहेत? ते म्हणाले, सांगता येत नाही. कधी वर्षं, कधी महिने. ज्याची तारीख सांगता येत नाही त्याची वाट बघत घरी बसायचं? आपल्याला जमणार नाही. त्यांनी तारीख सांगितली नाही ना, मग मी सांगते. ९ एप्रिल.

३ एप्रिल, बुधवार

तीन दिवस झाले, नाही म्हणजे नाही. विनवण्या मी केल्या नाहीत. त्याच्या चड्ड्या बॅगेत भरल्या, त्याने काढल्या, मी परत भरल्या. सेत्तिमियो समजवायला आला, त्यालाही याने हाकललं.

आज दुपारी तो खिडकीशी बसला होता. मी शिक्षिकाबाईंची पुस्तिका मोठ्याने वाचायला घेतली, त्याला नाही, मलाच. पान सात: तिथले कारागीर खडे सपाट बसवत नसत. मुद्दाम थोडे तिरके बसवत, एक इकडे, एक तिकडे.

"काय?" दुइलियो म्हणाला.

मी परत वाचलं.

"तिरके? मुद्दाम?"

"असं लिहिलंय."

"कोणत्या गाढवाने लिहिलंय? पंचेचाळीस वर्षांत माझा एक तुकडा केसभर वर आला तर मी अख्खी ओळ उखडायचो. तिरके बसवले तर हात कापेल, धूळ बसेल, भिंत भिंत वाटणार नाही."

"मला काय विचारतोस? मी चामडं शिवलंय."

तो उठून येरझाऱ्या घालायला लागला. दोनदा खुर्चीला धडकला, दोन्ही वेळा खुर्चीला शिवी दिली. कितीतरी दिवसांत त्याचा असा आवाज ऐकला नव्हता.

"पंधराशे वर्षं टिकलंय ना?" मध्येच त्याने विचारलं.

"टिकलंय."

"तिरकं बसवून."

"हो."

मी कणीक मळायला घेतली. चार वाजता तो आत येऊन म्हणाला, "बॅगेत माझे जाड तळव्यांचे बूट टाक. हात लावू देतात का तिथे?"

"नाही देत."

"बघू," तो म्हणाला.

९ एप्रिल, मंगळवार. रावेन्ना

पोचलो! रिमिनीला गाडी बदलताना माझंच पाऊल चुकलं. त्याने मला धरलं. हे कातियाला सांगणार नाही. म्हणजे सांगणारच आहे.

तो माझा कोपर धरून चालतो. पहिल्या शंभर पावलांत सैनिकासारखा ताठ, कोणी बघतंय का म्हणून. कोणी बघत नव्हतं. सगळे सायकलींवर होते आणि घंटा वाजवत होते. हॉटेलच्या दारात तीन पायऱ्या. मी मोठ्याने मोजल्या तर म्हणाला, "हळू बोल." मी आणखी मोठ्याने मोजल्या.

दुपारी पातळ भाकरीसारखा पियादिना खाल्ला, हॅम आणि मऊ चीज भरलेला. सुरी नको, काटा नको, दुमडून हातात धरायचा. दुइलियोने दोन खाल्ले. "शहाणे लोक आहेत इथले," म्हणाला. बऱ्याच दिवसांनी तो दुसऱ्यांसमोर न चाचपडता जेवला. मी दुसरीकडे बघत होते, म्हणजे त्याला वाटू नये की बघतेय.

१० एप्रिल, बुधवार. रावेन्ना

जे झालं ते झालं तसं लिहिते.

सकाळी दहाची वेळ. बाहेर लख्ख ऊन. समाधी बाहेरून इतकी साधी की पावाची भट्टी वाटावी. विटांची, बुटकी. दुइलियोने बाहेरच्या विटांवर तळवा ठेवला. "हे बरं काम आहे," म्हणाला.

आम्ही पंधराएक जण आत गेलो. आणि मला काहीच दिसेना. कुणालाच दिसेना. उन्हातून आलेले सगळे एकमेकांवर आपटत होते. "पाय, पाय!" कुणीतरी ओरडलं. एक जर्मन बाई भिंतीला धडकली. दुइलियो एकटाच न धडकता मध्यभागी जाऊन उभा राहिला. "पुढे या, पुढे या," लोकांना म्हणाला, "जागा आहे."

मग हळूहळू वरचं निळं उतरायला लागलं. खिडक्यांना काचेऐवजी पातळ दगड आहे, त्यातून मधासारखा उजेड येतो. मी त्याच्या कानात सांगायला लागले. डोक्यावर तारे आहेत, मध्ये सोन्याचा क्रॉस, तिकडे दोन हरणं पाणी पितायत—

"गप्प बस जरा," तो म्हणाला.

त्याने मान एका बाजूला वळवली, कोंबडा बघतो तशी. मग दुसऱ्या बाजूला. मग एक पाऊल डावीकडे, एक उजवीकडे, परत डावीकडे, तोंड वर, डोळ्यांच्या कडेने बघत. लोक त्याला वाट देत होते. एका मुलीने फोन काढला. मी तिच्याकडे असं बघितलं की तिने परत ठेवला.

"हलतंय," तो म्हणाला. "झेलिंदा, मी हललो की हलतंय. हा विझतो, तो पेटतो. सपाट बसवलं असतं तर नुसती भिंत झाली असती." आणि मग, आवाज अगदी लहान करून, "मलाही दिसतंय. कडेकडेने सगळं दिसतंय."

तेवढ्यात दारातली रखवालदार पोरगी म्हणाली, "पाच मिनिटं झाली. बाहेर चला, कृपया."

लोक निघाले. मी निघाले नाही.

"सिन्योरा."

"पाचमधली तीन मिनिटं आंधळे होतो आम्ही सगळे," मी म्हणाले. "ती धरू नका."

"नियम सगळ्यांना सारखा आहे, सिन्योरा. बाहेर लोक थांबलेत."

"हा माणूस दीड वर्ष थांबलाय. मी सत्तर वर्षं थांबलेय. मला इथून न्यायचं तर उचलून न्यावं लागेल, आणि मी जड आहे. याला विचारा."

"जड आहे," दुइलियो वर बघत म्हणाला.

पोरगी माझ्याकडे बघत राहिली. मग त्याच्याकडे, त्या वाकड्या मानेकडे. काय समजायचं ते समजली. "त्या भिंतीला लागून उभे राहा," ती हळूच म्हणाली. "पुढचा गट येतोय, त्यांच्यात मिसळा. मी तुम्हाला बघितलेलं नाही."

नंतरचे लोक आले, आपटले, दिपले, गेले. आम्ही उभे होतो.

बाहेर आलो. बाकावर बसलो. कातियाचा फोन आला. स्पीकर लावला. ती आधी मला विचारत होती, पडले नाहीत ना, चक्कर नाही ना, औषध घेतलं ना. मग म्हणाली, "बाबा... दिसलं का काही?"

"मी सगळं बघितलं," दुइलियो म्हणाला. "तुझ्या आईला विचार. ती पूर्ण वेळ रडत होती, तिला काही दिसलं नाही."

खोटारडा. मी रडले नाही. आत पंधराशे वर्षांची धूळ आहे आणि माझे डोळे पहिल्यापासून नाजूक आहेत. पण छत मात्र मला नीट बघता आलं नाही हे खरं. म्हणून मी हॉटेलच्या बाईला आणखी एक दिवस ठेवून घ्यायला सांगितलंय. कातियाला वाटतं आम्ही उद्या संध्याकाळी परतू. वाटू दे. समाधीची परवा सकाळची दहाची वेळ मिळालीय, आणि या वेळी बडबड तो करणार आहे. मी बघणार आहे.